वायफाय जोडलंय, पण इंटरनेट नाही : राउटर बंद-चालू करण्याआधी चार आकडे बघा

तक्रार अशी असते. फोनवर वायफायचा पंखा पूर्ण भरलेला, घरच्या नेटवर्कचं नाव समोर, आणि खाली बारीक अक्षरांत ‘जोडले आहे, इंटरनेट नाही’. मग कुणीतरी उठतं, राउटरचं बटण बंद करतं, दहापर्यंत मोजतं, पुन्हा चालू करतं. दोन मिनिटांत सगळं सुरळीत. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

माझ्या घरी हा खेळ चार महिने चालला. इंटरनेट कंपनीला तीन वेळा फोन झाला, तिन्ही वेळा त्यांनी त्यांच्या बाजूने सगळं ठीक असल्याचं सांगितलं, आणि तिन्ही वेळा मी त्यांच्यावर चिडलो. ते खरं बोलत होते. दोष माझ्याच कपाटावर दिवे लुकलुकवत बसला होता. तो सापडेपर्यंत राउटर, गेटवे, डीएनएस हे शब्द नुसते कानावरून गेलेले होते. त्यामुळे इथे ते शब्द मला ज्या क्रमाने उपयोगी पडले त्याच क्रमाने सांगतो. शब्दकोश म्हणून पाठ करायला गेलात तर दुसऱ्या दिवशी विसराल.

आधी ते वाक्य नीट वाचा

‘जोडले आहे’ आणि ‘इंटरनेट नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. वायफाय म्हणजे तुमचा फोन आणि घरातला डबा यांच्यामधला हवेतला दुवा, एवढंच. पंख्याच्या पट्ट्या फक्त तेवढ्या अंतराची ताकद दाखवतात. डब्याच्या पलीकडे काय चाललंय याची त्या पट्ट्यांना गंधवार्ताही नसते.

मग फोनला इंटरनेट नसल्याचं कळतं कसं? वायफायला जोडल्याबरोबर तो गुपचूप एक छोटी चाचणी घेतो. एका ठरलेल्या सर्व्हरला हाक मारतो आणि अपेक्षित उत्तर आलं नाही की तो संदेश दाखवतो. म्हणजे फोन तुम्हाला फक्त ‘हाक पोहोचली नाही’ एवढंच सांगतोय. वाट कुठे तुटली हे त्याला माहीत नाही. ते आपण शोधायचं.

आता तो डबा. आपण त्याला सरसकट राउटर म्हणतो, पण त्याच्या पोटात सहसा तीन-चार यंत्रं असतात. बाहेरून फायबरमधून येणारा प्रकाश किंवा फोनच्या तारेतले संकेत संगणकाला कळतील असे करणारं एक (फायबर असेल तर त्याला ओएनटी म्हणतात, जुन्या तारेसाठी मोडेम). घरातलं नेटवर्क आणि बाहेरचं नेटवर्क यांची सांगड घालणारं दुसरं. खरा राउटर हाच. मागच्या बाजूला केबल लावायच्या खाचा असलेला स्विच, आणि अँटेना सांभाळणारा ॲक्सेस पॉइंट. काही घरांत ओएनटी वेगळा आणि राउटर वेगळा असतो.

मागच्या खाचा दोन प्रकारच्या असतात. लॅन म्हणजे घराच्या आतलं, वॅन म्हणजे बाहेरचं. वॅनची खाच बहुतेक वेळा वेगळ्या रंगाची आणि एकच असते. हा फरक लक्षात ठेवा, माझ्या घोटाळ्याचं मूळ तिथेच आहे.

एक गोष्ट मात्र इथेच तपासून टाका. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’ नावाचा दिवा लाल पेटला असेल तर पुढचं काही वाचू नका. प्रकाशच डब्यापर्यंत येत नाही. पिवळी किंवा पांढरी बारीक फायबरची तार कुठे दुमडली, चेपली, सुटली आहे का बघा, आणि नसेल तर सरळ कंपनीला फोन करा.

चार आकडे

विंडोजवर स्टार्ट मेनूत इंग्रजीत सीएमडी लिहिलं की काळी खिडकी उघडते. तिच्यात आयपीकॉन्फिग, एक जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि ऑल, असं इंग्रजी अक्षरांत लिहायचं. फोनवर वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर किंवा शेजारच्या चिन्हावर दाबलं की तोच तपशील मिळतो. भरपूर मजकूर दिसेल, घाबरू नका. त्यातले चार आकडे हवेत : आयपी पत्ता, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस सर्व्हर.

आयपी पत्ता म्हणजे नेटवर्कवरचा तुमच्या उपकरणाचा क्रमांक. टिंबांनी तोडलेल्या चार संख्या, प्रत्येक ० ते २५५ मधली. असे एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी होतात, आणि जगातल्या सगळ्या उपकरणांना ते पुरत नाहीत. म्हणून काही पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवले आहेत : १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ मधले, आणि आपल्या ओळखीचे १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते कुणीही आपल्या घरात वापरावेत, बाहेरच्या जगात ते चालत नाहीत. म्हणजे या क्षणी १९२.१६८.१.५ हा पत्ता असलेली असंख्य उपकरणं असंख्य घरांत असतील आणि कुणाचं कुणाशी भांडण नाही. बाहेर जाताना राउटर प्रत्येक पाकिटावरचा (पाकीट म्हणजे पाठवलेल्या माहितीचा एक तुकडा) घरगुती पत्ता खोडून त्यावर स्वतःचा बाहेरचा पत्ता घालतो आणि उत्तर आलं की मूळ मालकाकडे पोहोचवतो. या खाडाखोडीला नॅट म्हणतात.

तुमचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मात्र थांबा. त्याचा अर्थ, उपकरणाने पत्ता मागितला, कुणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक गृहीत धरला. राउटरशी त्याचं बोलणंच झालेलं नाही.

सबनेट मास्क घरात जवळजवळ नेहमी २५५.२५५.२५५.० असतो. पत्त्यातल्या पहिल्या तीन संख्या वस्तीच्या आणि शेवटची घराची, एवढंच तो सांगतो. १९२.१६८.१.५ आणि १९२.१६८.१.९ एका वस्तीतले. १९२.१६८.०.५ मात्र दुसऱ्या वस्तीतला. तिसऱ्या संख्येकडे कुणी फारसं बघत नाही. मीही बघत नव्हतो.

गेटवे म्हणजे वेस. गावातल्या गावात निरोप द्यायचा तर वेशीकडे जायची गरज नाही, गाव ओलांडायचं तर दुसरी वाट नाही. घरात ही वेस म्हणजे राउटरचा आतल्या बाजूचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. ब्राउझरच्या पट्टीत हाच पत्ता टाकला की राउटरची सेटिंग उघडतात. (आकडे इंग्रजीच टाका. देवनागरी कळफलक चालू ठेवून ‘राउटर उघडत नाही’ म्हणणारा मी एकटाच नसेन.)

डीएनएस नावावरून क्रमांक शोधून देतो. संकेतस्थळांची नावं माणसांसाठी असतात, यंत्रांना क्रमांकच लागतो. फार पूर्वी, नेटवर्क लहान होतं तेव्हा, सगळ्या संगणकांची नावं आणि क्रमांक एकाच फाइलमध्ये लिहिलेले असत आणि सगळे ती फाइल उतरवून घेत. ते आवरेनासं झालं म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली.

आणि हे चारही आकडे वाटणारा तो डीएचसीपी. हा वेगळा डबा नाही, राउटरच्या आत चालणारं एक काम आहे. नवीन उपकरण आलं की ते मोठ्याने ओरडतं, ‘पत्ता देणारं कुणी आहे का?’ डीएचसीपी म्हणतो, ‘हा घे.’ उपकरण म्हणतं, ‘हा घेतो.’ डीएचसीपी म्हणतो, ‘नोंद केली.’ पत्ता कायमचा मिळत नाही, ठरावीक मुदतीच्या भाड्याने मिळतो. अर्धी मुदत संपली की उपकरण त्याच मालकाकडे मुदतवाढ मागतं. मुदत पूर्ण उलटून गेली की पुन्हा पहिल्यापासून ओरडावं लागतं.

त्या ओरडण्यात एक मेख आहे. उपकरण कुणा एकाला उद्देशून विचारत नाही, सगळ्यांना विचारतं. उत्तर दोघांकडून आलं तर सहसा जे आधी पोहोचतं ते घेतं.

वाट कुठे तुटली ते पिंग सांगतो

पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला ‘आहेस का?’ विचारून उत्तराला किती वेळ लागला ते मोजणं. माइक म्यूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात तो लिहिला आणि पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याचं नाव ठेवलं. काळ्या खिडकीत पिंग, एक जागा, आणि पत्ता.

जवळून लांब जायचं. आधी गेटवेला पिंग करा. उत्तर नाही आलं तर भानगड तुमच्या आणि राउटरच्या मध्ये आहे. वायफाय, केबल किंवा चुकीचा पत्ता. उत्तर आलं, पण वेळ एकदा २ मिलिसेकंद, एकदा ४००, मध्येच गायब, असं झालं तर हवेतल्या दुव्याचा दोष आहे. जवळ बसून केबल लावून पुन्हा बघा, खात्री पटेल.

गेटवे उत्तर देतोय? मग ८.८.८.८ ला पिंग करा. हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर, २००९ पासून चालू आहे आणि पत्ता लक्षात राहतो म्हणून सगळे चाचणीला वापरतात. इथून उत्तर आलं तर इंटरनेट चालू आहे, मेसेज काहीही म्हणो.

मग एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला पिंग करा. आकड्याला उत्तर मिळतं आणि नावाबद्दल ‘असा कुणी सापडला नाही’ येतं, तर डीएनएस अडकलाय. सगळ्यात सोपी दुरुस्ती हीच आहे : सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअर या कंपनीचा १.१.१.१ भरायचा. राउटरमध्ये भरला तर घरभर लागू होतो, फोनमध्ये भरला तर फक्त त्या फोनला. काही संकेतस्थळं मुद्दामच पिंगला उत्तर देत नाहीत, त्यामुळे नावाचा क्रमांक झाला की नाही एवढंच बघा. पुढचं मौन मनावर घेऊ नका.

आणि तरीही मी फसलो

माझ्या घरी हे सगळं करून बघितलं तर : पत्ता मिळालेला, १६९ वाला नाही. गेटवे झटक्यात उत्तर देतोय. ८.८.८.८ गप्प. अर्थ उघड होता, राउटरपर्यंत ठीक, पुढे कंपनीचा घोळ. म्हणून ते तीन फोन.

खटकणाऱ्या दोन गोष्टी होत्या. बिघाडाच्या वेळी घरातल्या टेबलावरचा संगणक बिनघोर चालायचा आणि बाहेरून घरी आलेल्या माणसांचे मोबाइल अडकायचे. कंपनीकडून इंटरनेट बंद असेल तर ते सगळ्यांचंच बंद असायला हवं. दुसरी, राउटर बंद-चालू करूनही कधी कधी काम होत नसे, आणि मग मी पुन्हा बंद-चालू करत असे. दुसऱ्यांदा झालं की समाधान. ‘दोनदा का लागतं?’ हा प्रश्न मला चार महिने पडला नाही, याची आता लाज वाटते.

शेवटी उलगडा झाला तो योगायोगाने. सगळं चालू असताना फोनचे आकडे बघितले आणि मनाशी म्हटलं, अरे, परवा गेटवे वेगळा होता. परवा १९२.१६८.०.१, आज १९२.१६८.१.१. घराला दोन वेशी?

होत्याच. मागच्या खोलीत रेंज पोहोचत नाही म्हणून मी जुना राउटर तिथल्या कपाटावर ठेवून नव्याशी केबलने जोडला होता, लॅनमधून लॅनमध्ये. वायफाय वाढवायला जोडणी बरोबरच होती. पण जुन्याच्या पोटातला डीएचसीपी चालूच राहिला होता. तो बिचारा इमानदारीने येणाऱ्या-जाणाऱ्याला पत्ते वाटत होता, आणि गेटवे म्हणून स्वतःचाच पत्ता सांगत होता. त्याच्या वॅनच्या खाचेत काहीच नव्हतं. त्या वेशीबाहेर रस्ताच नव्हता.

आता सगळं जुळलं. गेटवे पिंगला उत्तर देत होता, कारण तो खरोखर जिवंत होता, फक्त चुकीचा होता. टेबलावरचा संगणक कायम जोडलेला, त्यामुळे त्याला नव्या राउटरकडून मुदतवाढ मिळत राहायची. फोन दिवसभर बाहेर, मुदत उलटलेली, घरी आल्यावर नव्याने ओरडणार आणि ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता घेणार. राउटर बंद-चालू केल्यावर सगळे पुन्हा ओरडायचे. मी दुरुस्ती करत नव्हतो, पुन्हा चिठ्ठी उचलत होतो. बरी निघाली की ‘झालं’.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. नव्या राउटरकडे जाणारी केबल काढली आणि जुन्याला एकट्या लॅपटॉपला केबलने जोडलं. त्याच्या सेटिंगमध्ये आधी लॅनचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला. माझा नवा राउटर १०० ते १९९ हेच क्रमांक वाटतो, म्हणून २ मोकळा होता. तुमच्याकडे वाटपाची मर्यादा बघून बाहेरचा क्रमांक निवडा. पत्ता बदलताच पान तुटतं. केबल काढून लावली आणि नव्या पत्त्यावर पुन्हा आत शिरून डीएचसीपी बंद केला. क्रम उलटा करू नका. आधी डीएचसीपी बंद केलात तर लॅपटॉपला पत्ता देणारं कुणी उरत नाही आणि हाताने पत्ता भरत बसावं लागतं. मग केबल पुन्हा लॅनमधून लॅनमध्ये. तुमच्या जुन्या राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असा पर्याय असेल तर तोच निवडा. डीएचसीपी तो स्वतःच बंद करतो आणि तुमचे कष्ट वाचतात.

जुन्या राउटरला वॅनच्या खाचेत केबल लावली तर? तेही चालतं, इंटरनेट मिळतं, पण घरात दोन वस्त्या होतात आणि मागच्या खोलीतल्या फोनला पुढच्या खोलीतला प्रिंटर दिसत नाही. शिवाय दोन्ही राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर वेगळाच गोंधळ. मला तो मार्ग आवडत नाही.

घरात दुसरा राउटर नसेल तर

एकच ठरावीक उपकरण मधूनच पडत असेल तर दोघांना एकच पत्ता मिळालाय का बघा. बहुतेक वेळा प्रिंटर किंवा कॅमेऱ्यात कुणीतरी हाताने पत्ता भरलेला असतो आणि डीएचसीपी तोच दुसऱ्याला देऊन मोकळा होतो. हाताने भरण्यापेक्षा राउटरमध्ये पत्ता राखून ठेवा. त्यासाठी उपकरणाचा मॅक पत्ता लागतो, म्हणजे नेटवर्कच्या चिपला मिळालेला बारा अक्षर-आकड्यांचा क्रमांक. फोनच्या बाबतीत एक खोच आहे. आजचे फोन ओळख लपवण्यासाठी बनावट मॅक वापरतात. तो बदलला की राखीव पत्ता गेला. घरच्या नेटवर्कपुरती ती सोय बंद करता येते.

फक्त लांबच्या खोलीत त्रास असेल तर बँड, म्हणजे वायफाय ज्या लहरींवर चालतं तो पट्टा, बघा. २.४ गिगाहर्ट्झ भिंती जास्त चांगल्या भेदतो पण गर्दीचा आहे. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण लवकर दमतो. २.४ वर चॅनेल (त्या पट्ट्यातली एकेक गल्ली) १, ६ किंवा ११ यांपैकीच निवडा, हे तिघं एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. मधलं ३ किंवा ४ निवडून कुणाचंच भलं होत नाही.

वेग अचानक १०० मेगाबिटच्या आसपास अडकला तर केबल बदलून बघा. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चार पुरतात. उरलेल्या चारांपैकी एक तार तुटली तरी जोडणी चालू राहते, फक्त मुकाट्याने मंदावते. आणि राउटर बंद कपाटात, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेला असेल तर आधी तो बाहेर काढा. तापल्यामुळे अडणारा राउटर बंद-चालू केल्यावर चालतो तो थोडा थंड झाल्यामुळे.

सगळ्या उपकरणांचं एकदमच गेलं असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये स्थितीचं पान उघडा आणि वॅनचा आयपी पत्ता बघा. तिथे ०.०.०.० किंवा रिकामी जागा दिसली तर राउटरला कंपनीकडून पत्ताच मिळालेला नाही. हे मात्र त्यांना सांगायचं, आणि याच शब्दांत सांगायचं.

आता माझ्या राउटरच्या पाठीला एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. सगळं चालू असतानाचे चार आकडे, दोन्ही राउटरचे पत्ते, वाटपाची मर्यादा. गेल्या महिन्यात इंटरनेट पुन्हा गेलं. फोनचे आकडे चिठ्ठीशी ताडले, जसेच्या तसे. वेस उत्तर देत होती, ८.८.८.८ गप्प, वॅनच्या जागी चार शून्यं. कंपनीला चौथा फोन केला आणि एवढंच सांगितलं. पलीकडून ‘राउटर बंद-चालू करून बघा’ असं कुणी म्हटलं नाही.